शंकेचा रकाना

४ जानेवारी

प्रिय भाऊजी,

अनेक आशीर्वाद. पत्र बघून घाबरू नका, घरी सगळं ठणठणीत आहे. फोनच करणार होते, पण फोन लावला की तुमचे दादा तो माझ्या हातातून घेतात, तुमच्याशी दहा मिनिटं स्वतःच्या गुडघ्याबद्दल बोलतात आणि "बरं, ठेवतो" म्हणून ठेवूनही देतात. म्हणून लिहिते.

आमच्या कारखान्यात यंत्र येतंय. काचा घासायचं नव्हे, ती आहेतच. हे माझं काम करणार आहे. परवा मालकांनी सगळ्यांना बोलावून नाव सांगितलं: रोबोटिक प्रोसेस ऑटोमेशन. पॅकिंगवाले काका मागे उभे होते. त्यांनी रोबोट एवढंच ऐकलं आणि दुपारी माझ्या खुर्चीभोवती एक फेरी मारून विचारलं, की तो बसणार आहे की उभाच राहणार.

माझं काम तुम्हाला ठाऊक आहे. गावोगावच्या चष्म्याच्या दुकानांतून ऑर्डरी येतात. कोणी ई-मेल करतं, कोणी फॉर्म भरून त्याचा फोटो पाठवतं. डावा डोळा, उजवा डोळा, प्लस की माइनस, लांबचा, जवळचा. ते मी आमच्या संगणकात उतरवते, मग आत त्या नंबरची काच घासतात. दिवसाला दोनशेच्या वर. एकवीस वर्षं झाली.

सोमवारपासून सॉफ्टवेअर कंपनीतली एक मुलगी पाच दिवस शेजारी बसून मी काय करते ते बघणार आहे. तुम्ही याच धंद्यात आहात, म्हणून दोन प्रश्न. तिला काय सांगायचं? आणि मला घरी बसवणार का? दुसऱ्याचं उत्तर आधी द्या. कॉलेजची चार वर्षं आमच्याकडे राहिलात, थाप मारली की तुमचे कान लाल होतात हे मला पाठ आहे. पत्रात कान दिसत नाहीत, ही अडचणच आहे.

तुमची
वहिनी

१० जानेवारी

वहिनी, नमस्कार.

काकांना सांगा, तो बसणारही नाही आणि उभाही राहणार नाही. त्याला अंगच नाही. तो एक प्रोग्राम आहे. तुमची बोटं ज्या क्रमाने जातात त्याच क्रमाने तो जातो: मेल उघड, आकडा उचल, या चौकटीतून त्या चौकटीत टाक, सेव्ह कर, पुढचा मेल. कंटाळत नाही, चहाला उठत नाही. पण स्वतःचं डोकंही नाही. शिकवाल तेवढंच करणार. म्हणून त्या मुलीला जे जे करता ते सगळं सांगा, अगदी क्षुल्लक वाटलं तरी.

आणि काळजी करू नका. आमच्यात म्हणतात, की कंटाळवाणं काम यंत्राकडे जातं आणि चांगलं काम माणसाकडे राहतं. सहसा कोणी घरी बसत नाही.

दादाच्या गुडघ्याला गरम पाण्याचा शेक द्या. फार चालू देऊ नका, पण अजिबात बसूनही राहू देऊ नका. इकडे थंडी बरी आहे. माझ्या खिडकीसमोर नवी इमारत होतेय, दिवसभर ठोकाठोक चालते. बाकी सगळं ठीक.

आपला
भाऊजी

२७ जानेवारी

प्रिय भाऊजी,

दुसऱ्या प्रश्नाला दोन ओळी आणि गुडघ्याला तीन. असो.

मुलगी आली. पाच दिवसांत पाच शर्ट आणि पाचही चौकडीचे, म्हणून आम्ही तिला चौकडीवाली म्हणतो. गोड आहे, पण प्रश्न विचारून जीव खाते. "इथे क्लिक का केलंत?" मी म्हटलं, तिथे बटण आहे म्हणून. "मग इथे काय विचार करता?" मी म्हटलं, मी कसला विचार करणार, मी फक्त उतरवून घेते. तिने तेही लिहून घेतलं. सगळं सांगितलं तिला. म्हणजे, जवळजवळ सगळं.

एकोणीस तारखेला यंत्र चालू झालं. त्याचं नाव आम्ही जावई ठेवलंय. कोपऱ्यात स्वतंत्र संगणक, त्याला स्वतंत्र पंखा, कोणी हात लावायचा नाही, आणि सांगितल्यापलीकडे इकडची काडी तिकडे करत नाही. पहिल्या दिवशी दोनशे दहा ऑर्डरी त्याने पन्नास मिनिटांत संपवल्या. मी पर्स मांडीवर घेऊन, परक्या घरी आल्यासारखी बघत बसले होते.

आता मी पॅकिंगच्या टेबलावर. काका काच कागदात कशी गुंडाळायची ते शिकवतात. हातांना भरपूर काम आहे, डोक्याला नाही. ते शिल्लक राहतं, मग घरी येऊन तुमच्या दादांचं खाते.

वहिनी

३ फेब्रुवारी

वहिनी,

तुमचं पत्र वाचून जिवात जीव आला. पॅकिंगचं टेबल म्हणजे घरी बसणं नव्हे, तेव्हा माझं म्हणणं खरं ठरलं. जावई हे नाव मी ऑफिसात सांगितलं, सगळे खूप हसले.

एक बघा: माणूस दमला की चुकतो, यंत्र दमतच नाही. आता ताज्या डोळ्याने भरलेला आकडा आणि संध्याकाळी पाचचा आकडा, दोन्ही सारखेच बरोबर. आणि त्या मुलीचंही कौतुक वाटलं. पहिल्याच कामात इतकं नेटकं करणं सोपं नाही.

इकडे साहेबांनी माझी पाठ थोपटली. एक मोठं काम व्यवस्थित पार पडलं म्हणून. बाकी भेटीत.

भाऊजी

२१ फेब्रुवारी

भाऊजी,

आज इकडचं तिकडचं काही नाही. एक गोष्ट कबूल करायची आहे आणि ती तुमच्याखेरीज कोणाला सांगता येत नाही.

पंधरा दिवसांत एकतीस पाकिटं परत आलीत. पूर्वी महिन्याला तीन-चार यायची. मालक म्हणतात दुकानदार चुकले, दुकानदार म्हणतात तुम्ही चुकलात. चौकडीवाली दोनदा येऊन तपासून गेली. यंत्राने एकही आकडा बदललेला नाही. फॉर्मवर जे आहे तेच काचेत आहे.

तेच तर आहे ना. फॉर्मवर जे असतं ते मी कधी तसंच्या तसं उतरवलंच नाही.

बसस्टॉपजवळच्या दुकानदाराचा माइनस इतका बारीक असतो, की फोटोत उमटतच नाही. दुसरे एक जण उजवा-डावा उलटा लिहितात, कारण ते गिऱ्हाइकासमोर उभे राहून लिहितात. पण बुधवारी दुकानात त्यांचा मेहुणा बसतो, तो सुलटा लिहितो. एका बाईंचा एक आणि सात जुळी भावंडं आहेत. मला हे सगळं पाठ आहे. शंका आली की मी गिऱ्हाइकाची जुनी ऑर्डर काढून बघते, दुकानात फोन करते आणि दुरुस्त करून टाकते. गेल्या वर्षी माइनस आणि यंदा प्लस, असे कोणाचे डोळे वर्षात कोलांटी मारत नाहीत.

आणि हे कोणाला माहीत नाही, कारण असं करायला मनाई आहे. लागले त्याच वर्षी मी एक नंबर आपणहून सुधारला होता. बरोबरच सुधारला होता. तरी मालकांनी लेखी ताकीद दिली, की आलेल्या ऑर्डरीतलं अक्षरही बदलायचं नाही. तेव्हापासून मी बदलणं बंद केलं नाही, सांगणं बंद केलं.

चौकडीवालीने विचारलं तेव्हा मालक मागे उभे होते, म्हणून बोलले नाही. पण सगळा दोष भीतीवर ढकलत नाही. शेवटच्या दिवशी ते नव्हते. तिने पुन्हा विचारलं, "अजून काही राहिलं का?" मी नाही म्हटलं. मनात म्हटलं, माझी खुर्ची घेताय ना, मग शिका तुमचं तुम्ही. पहिली दोन-तीन पाकिटं परत आली तेव्हा मला बरंसुद्धा वाटलं. आता लिहायलाच बसले आहे तर हेही लिहिते.

काल बसस्टॉपवाल्यांचा फोन आला. त्यांच्या गिऱ्हाइकात एक म्हातारे शिंपी आहेत. त्यांना उणे साडेचार हवं होतं, अधिक साडेचार गेलं. दिसत नाही म्हणून ते दुकानात गेले, तर यांनी सांगितलं, नव्या चष्म्याची सवय व्हायला आठ दिवस लागतात. ते बिचारे आठ दिवस सवय करत बसले. फ्रेम जुनीच वापरली होती, त्यामुळे हाताशी जुना चष्माही नाही.

सुटल्यावर मी पत्ता काढून गेले. शटर अर्धं खाली होतं. आत कापडं घड्या घालून, प्रत्येकावर नावाची चिठ्ठी टाचून, ओळीने ठेवलेली. मला वाटलं शिवून तयार आहेत. ते म्हणाले, "नाही हो बाई, ही ज्याची त्याला परत द्यायची. कापड नाकाला लावल्याशिवाय टाका दिसत नाही. डोळे गेले माझे. जाऊ दे, चाळीस वर्षं पुरले, पुष्कळ झालं."

हे त्यांनी हसत सांगितलं. रडले असते तर मला सोपं गेलं असतं. मी सांगितलं, डोळे गेलेले नाहीत, चष्मा चुकलाय. त्यांना वाटलं, मी समजूत घालते आहे. मला पाणी दिलं आणि बसा म्हणाले.

आता तुम्ही सांगा. मालकांना खरं सांगितलं तर एकवीस वर्षं मनाई मोडली म्हणून मी जाणार. नाही सांगितलं तर त्या पोरीवर शेकणार, आणि अजून किती जण सवय करत बसले असतील कोण जाणे.

वहिनी

२५ फेब्रुवारी

वहिनी,

तुम्ही लिहिलंत, आता माझी पाळी.

चौकडीवाली आमच्या कंपनीची आहे. तिला तुमच्याकडे मी पाठवलं. तुमच्या मालकांपुढे जो प्रस्ताव ठेवला तोही मी लिहिला. त्यात एक ओळ आहे: "ऑर्डर नोंदणीतील एक पद मोकळं होईल." ते पद कोणाचं हे लिहिताना मला माहीत होतं. चार वर्षं ज्यांच्या हातचं जेवलो, त्यांना मी एक पद म्हटलं. तुमचं पहिलं पत्र आलं तेव्हा सांगायला हवं होतं. त्याऐवजी मी गुडघ्यावर तीन ओळी लिहिल्या.

तेव्हा मनाला सांगितलं, की मी नाही तर दुसऱ्या कोणी लिहिलंच असतं. ते खरं आहे. पण त्या दुसऱ्याच्या तुम्ही वहिनी नव्हता.

पाकिटं परत येतात ती चूकही तुमची एकटीची नाही. आम्ही माणसाला विचारतो, तुम्ही काय करता. माणूस म्हणतो, उतरवून घेते. विचारायला हवं होतं, की उतरवताना तुमचा हात कुठे थांबतो. तुमचं खरं काम तिथेच होतं आणि आम्ही ते पाहिलंच नाही.

तुम्हाला जे जे पाठ आहे ते सगळं वहीत लिहून काढा. मी गुरुवारी येतोय. मालकांकडे आधी मी जाईन आणि माझं सांगेन, मग तुम्ही या. आणि शिंप्यांची काच तेवढी आजच्या आज पुन्हा घासायला लावा, कोणाला विचारू नका.

भाऊजी

२८ फेब्रुवारी

भाऊजी,

पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा भांडी घासता घासता वाचलं, तेव्हा एक कप फुटला. तो तुमच्या नावावर.

संशय मला आलाच होता. मागे तुम्ही लिहिलंत, की पहिल्याच कामात मुलीने नेटकं केलं. तिचं पहिलंच काम आहे हे मी तुम्हाला कधी लिहिलं होतं? पाल चुकचुकली, पण मीच तिला हाकललं.

रागावले आहे. खूप रागावले आहे. पण मी स्वतः जे केलं ते बघता फार उंच बसून रागावता येत नाही, ही मोठीच गैरसोय झाली आहे.

तुमच्या दादांना सगळं वाचून दाखवलं. "दोघं एकाच माळेचे मणी," म्हणाले आणि पेपर उघडला.

वही आणली. वाटलं होतं पाच-सहा गोष्टी निघतील. तेवीस झाल्या आणि अजून आठवतायत. शिंप्यांची काच आत दिली आहे. गुरुवारी या. वाढीन नक्की. बोलेन की नाही, ते तेव्हाचं तेव्हा.

वहिनी

१२ मार्च

वहिनी, नमस्कार.

सुखरूप पोहोचलो. दोन दिवस तुम्ही माझ्याशी फक्त दादामार्फत बोललात. "त्यांना विचारा, अजून भात हवा का," आणि मी समोरच बसलेलो. तिसऱ्या दिवशी चौकडीवाली वही घेऊन बसली आणि बुधवारच्या मेहुण्यापाशी अडली. "पण तो सुट्टीवर असला तर?" तुम्ही हसलात, आणि हसता हसता मला विचारलंत, "भाऊजी, हे यंत्राला कसं हो समजवायचं?" तेव्हा मला जेवण अंगी लागल्यासारखं वाटलं.

पण एक गोष्ट तुम्हाला तेव्हा सांगितली नाही. मालकांच्या खोलीत तुम्ही यायच्या आधी काय झालं ती.

मी त्यांना माझं सांगितलं आणि तुमचंही थोडं सांगितलं, म्हणजे तुम्ही आलात की एकदम भडका नको. ते ऐकत होते. मग खिडकीकडे बघत म्हणाले, "मला माहीत होतं."

मी विचारलं, काय माहीत होतं?

"आठ वर्षांपूर्वी माझ्या आईच्या चष्म्याचा फॉर्म दुकानात चुकीचा भरला होता. मला नंतर कळलं. काच मात्र बरोबर आली. तेव्हाच ओळखलं, की बाहेर बसून कोणीतरी बदलतंय. विचारलं असतं तर पुन्हा ताकीद द्यावी लागली असती. म्हणून विचारलंच नाही."

"मग यंत्र आणताना तरी बोलायचं होतंत," मी म्हटलं.

 ते म्हणाले, की न विचारण्याची इतकी सवय झाली होती, की आपण काय विचारत नाही हेच विसरलो. आणि मला बजावलं, की हे तुमच्या वहिनींना सांगू नका, माझा धाक जाईल. मी हो म्हटलं होतं. पण तुमच्यापासून काही लपवायचं नाही, असं मी आता ठरवलंय. त्यांचा धाक तुम्ही वरवर तरी ठेवा.

तुमच्या वहीतली एकेचाळीस कलमं आम्ही यंत्रात घातली आहेत. त्यातलं एखादं लागू पडलं की ते काच घासायला पाठवणार नाही. ती ऑर्डर शंका नावाच्या रकान्यात टाकून थांबेल. पुढचं तुम्ही ठरवायचं.

भाऊजी

३० एप्रिल

प्रिय भाऊजी,

अनेक आशीर्वाद. तुमचे दादा बरे आहेत, गुडघाही बरा आहे, तो विषय संपला.

मी माझ्या खुर्चीत परत आले. रोजच्या दोनशे दहातल्या एकशे पंच्याऐंशी-नव्वद जावई करतो, वीस-पंचवीस माझ्या रकान्यात आणून ठेवतो. सकाळच्या दोन-तीन तासांत मी त्या निपटते. दुपारी दुकानांना फोन करते, कधी स्वतः जाते. बसस्टॉपवाल्यांना जाड टोकाचं पेन नेऊन दिलं आणि समोर दहा माइनस काढायला लावले. मेहुण्याला भेटले, चांगला मुलगा आहे, आता सगळे दिवस त्यालाच बसवा म्हणून सांगून आले. चौकडीवाली आठवड्याला फोन करते. तिच्या पुढच्या कामात तिने पहिल्याच दिवशी विचारलं म्हणे, हात कुठे थांबतो ते. मालकांचा धाक मी ठेवला आहे. ते आले की उभी राहते. त्यांच्या आईच्या तब्येतीची चौकशी करते, तेव्हा ते जरा गोंधळतात.

शिंप्यांचा चष्मा मीच घेऊन गेले होते. त्यांनी तो घातला. सुई घेतली, दोरा ओवला. मग ओवलेला दोरा काढला आणि पुन्हा ओवला, खात्री करायला. नंतर म्हणाले, "आता पंचाईत. परत दिलेली कापडं मागायला लोकांच्या दारात जावं लागणार." शटर मात्र माझ्यासमोरच पूर्ण वर केलं.

आता मुद्द्याचं. काल सकाळी रकान्यात एक ऑर्डर थांबली. तुमच्या शहरातल्या दुकानातून आलेली. कलम अठ्ठावीस: गिऱ्हाईक चाळीसच्या पुढचं आणि जवळच्या नंबरची जागा रिकामी, तर थांब. गिऱ्हाइकाचं वय त्रेचाळीस. नाव वाचलं, तर आडनाव आमचंच निघालं.

दुकानात फोन केला. दुकानदार म्हणाला, "आम्ही सांगितलं होतं हो त्यांना, पण ते म्हणाले जवळचं मला स्वच्छ दिसतं. आणि पावती मात्र हात लांब करून वाचत होते."

भाऊजी, माझी कलमं यंत्राला तुम्हीच शिकवलीत, आता त्याला दोष देऊ नका. आपल्या मनाने नंबर बदलायचा नाही असं मी मालकांना कबूल केलंय, म्हणून ऑर्डर थांबवून ठेवली आहे. जावयाने मला विचारलं, मी तुम्हाला विचारते. चाळिशी घालू का?

खरं लिहा. थापा मारून झाल्या आपल्या दोघांच्याही.

तुमची
वहिनी

४ मे

वहिनी,

घाला. दादाला सांगू नका.

भाऊजी